तेलाची विद्या आणि तिचे भाडे

पेटंट म्हणजे काय, हे जवळा बाजारच्या मंडळींना फोड करून सांगण्याची गरज नाही. वसमत-हिंगोलीचा हा सारा पट्टा हळदीचा. जखमेवर हळद दाबावी ही विद्या आपल्याकडे आजीकडून नातीकडे चालत आलेली. तीच विद्या १९९५ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राच्या नावे पेटंट म्हणून नोंदली गेली. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने तिला आव्हान दिले, जुने ग्रंथ पुराव्यास ठेवले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. पुढे २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्या नावाभोवती आता आपलेच कुंपण पडले. परक्याचे कुंपण कसे बोचते आणि स्वतःचे कसे कामाला येते, हे दोन्ही आपण पाहून बसलो आहोत.

हळदीच्या पेटंटाने सारा देश चिडला. जमिनीखालच्या तेलाच्या पेटंटांवरून कोणी चिडल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. ती दिसत नाहीत हेच त्याचे कारण. ती मुंबईला ट्रॉम्बे-माहूलच्या कारखान्यांच्या नळ्यांत असतात आणि त्याहून अधिक हिशेबाच्या वह्यांत असतात. आम्ही विद्यापीठात शिकलेलो नाही. वाटाघाटीला बसले की मालक ताळेबंद पुढे सारतो, आणि तो वाचता आला नाही तर कामगारांची पुढची तीन वर्षे बुडतात. ह्या एका धाकाने आम्ही ताळेबंद वाचायला शिकलो, आणि ताळेबंदामागचा इतिहास कळावा म्हणून ग्रंथ. तेव्हा आजचा विषय पंडिताच्या नव्हे, हिशेब तपासणाऱ्याच्या नजरेने मांडतो. विद्येवर मालकी सांगितल्याने तेल कंपन्यांना पैसा मिळाला काय? मिळाला तर नेमका कोणाला? आणि त्यातून ट्रॉम्बेच्या कामगाराच्या व देशाच्या वाट्याला काय उरले?

प्रथम ही विद्या कोणती ते पाहू. कच्चे तेल तापविले की हलके भाग आधी वाफ होऊन निघतात. पहिले पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, आणि तळाशी काकवीसारखे जड तेल. गुऱ्हाळावर जो उभा राहिला आहे त्याला आच आणि वेळ ह्यांचे महत्त्व सांगायला नको. एकोणिसाव्या शतकात भाव होता तो रॉकेलाला, आपल्या घासलेटला. पेट्रोल जवळजवळ टाकाऊ मानीत. मोटारी आल्या आणि पारडे फिरले. पेट्रोल पुरेना, जड तेल खपेना.

शिकागोजवळ व्हाइटिंग येथे स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात विल्यम बर्टन आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हम्फ्रीज ह्यांनी ह्यावर तोड काढली. जड तेल बंद भांड्यात दाबाखाली तापविले तर त्याचे मोठे रेणू मोडतात आणि त्यांतून आणखी पेट्रोल निघते. मराठीत ह्या क्रियेला भंजन हा नेमका शब्द आहे. भांडी फुटून अनर्थ होईल ह्या भीतीने न्यूयॉर्कच्या संचालकांनी त्यासाठी पैसा देण्याचे नाकारले. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टँडर्ड ऑइलची मक्तेदारी फोडली, इंडियानाची कंपनी वेगळी झाली, तिच्या संचालकांनी धाडस केले, आणि जानेवारी १९१३ मध्ये बर्टन ह्यांना पेटंट मिळाले. तेवढ्याच कच्च्या तेलातून सुमारे दुप्पट पेट्रोल निघू लागले.

मग इंडियाना कंपनीने इतरांना परवाने द्यायला सुरुवात केली. अट अशी की, ह्या पद्धतीने जो नफा होईल त्याचा चौथा हिस्सा आमचा. मराठी माणसाला चौथाई नवी नाही. पण आपली चौथाई गोळा करायला घोडे दौडवावे लागत, ही पोस्टाने घरपोच येई. जॉन एनॉस ह्या अर्थशास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये तेलशुद्धीच्या नव्या पद्धतींचा आणि त्यांतून झालेल्या नफ्याचा इतिहास लिहिला आहे. पेटंट आणि पैसा ह्यांचा इतका कसून मांडलेला हिशेब आम्ही दुसरीकडे वाचला नाही, आणि ज्या मित्रांना इंग्रजी वाचता येते त्यांनी तो अवश्य मिळवावा.

एक गोष्ट मात्र त्या हिशेबात बसत नाही. बर्टन ह्यांची ती पहिली भांडी रिबिटे ठोकून जोडलेली असत आणि दाब चढला की सांध्यांतून गळत. चालू भट्टीवर, तापलेल्या भांड्याजवळ जाऊन बॉयलरवाले ती गळती ठोकून बंद करीत. नंतर भांड्याऐवजी नळ्यांतून तेल तापवावे ही सुधारणा एड्गर क्लार्क ह्यांनी केली, ते वुड रिव्हर येथील कारखान्याची व्यवस्था पाहणारे. म्हणजे विद्या प्रयोगशाळेत जन्मली खरी, पण रांगायला शिकली ती भट्टीपाशी. पेटंटाच्या कागदावर ठोकणाऱ्या बॉयलरवाल्यांची नावे नसतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ती असण्याचे कारणही नाही.

आता दुसरी कथा, जी आम्हांला अधिक शिकवणारी वाटते. जेसी डब्स नावाचे एक गृहस्थ कॅलिफोर्नियात तेलातले पाणी वेगळे करण्याच्या खटपटीत होते. तेलाचे वेड इतके की मुलाचे नावच कार्बन पेट्रोलियम डब्स. जेसी ह्यांनी १९०९ मध्ये तेल-पाणी वेगळे करण्याच्या पद्धतीसाठी अर्ज केला होता. शिकागोचे मांसाचे मोठे व्यापारी ऑग्डेन आर्मर ह्यांच्या पैशावर एक कंपनी उभी राहिली, तिने हा अर्ज हाती घेतला, आणि कंपनीच्या वकिलाने त्याच्या शब्दांत फेरफार करीत करीत त्यातून भंजनाचेच पेटंट उभे केले. हीच पुढे युनिव्हर्सल ऑइल प्रॉडक्ट्स, लोक तिला यूओपी म्हणतात. तिच्याकडे विहीर नव्हती, पंप नव्हता, टँकर नव्हता. ती फक्त विद्या विकी आणि बॅरलमागे भाडे घेई. लहान शुद्धीकरणवाल्यांना हे सोयीचे होते. बड्या कंपन्यांशी मात्र तिचे खटले वर्षानुवर्षे चालले.

ह्या भांडणाचा शेवट न्यायालयात झाला नाही. १९३१ मध्ये शेल, कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड आणि त्यांच्या जोडीच्या बड्या कंपन्यांनी यूओपीच विकत घेतली, सुमारे अडीच कोटी डॉलरला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे दुसरे एक प्रकरण आले: बड्या कंपन्यांनी आपापली भंजनाची पेटंटे एकत्र करून आपसांत वाटून घेतली होती, त्यावर सरकारचा आक्षेप होता. न्यायमूर्ती ब्रँडाइस ह्यांच्या निकालात तो आक्षेप टिकला नाही. न्यायमूर्ती मक्तेदारीचे कडवे विरोधक म्हणून गाजलेले, तरी एकूण पेट्रोलच्या बाजारावर ह्या कंपन्यांची पकड सिद्ध होत नाही असे त्यांना दिसले. कायद्याचे आम्ही जाणते नाही. परंतु ज्यांनी तीन वर्षांपूर्वी, १९२८ मध्ये, स्कॉटलंडमधील अॅक्नाकॅरीच्या गढीत बसून जगाचा तेलबाजार जसा आहे तसा वाटून घेण्याचे ठरविले, त्यांत शेलचे आणि न्यू जर्सीच्या स्टँडर्डचेच प्रमुख होते, एवढे लक्षात ठेवावे.

युजीन हूड्री ह्यांचीही तीच गत. हे फ्रेंच अभियंते, पहिल्या महायुद्धात लढलेले. उत्प्रेरकाच्या साहाय्याने, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणाऱ्या मातीसारख्या पदार्थाने, भंजन अधिक चांगले होते हे त्यांनी दाखविले. सन ऑइल आणि सोकोनी-व्हॅक्युम ह्या कंपन्यांनी त्यांना आधार दिला, आणि १९३७ मध्ये मार्कस हूक येथे मोठा कारखाना चालू झाला. न्यू जर्सीच्या स्टँडर्डला त्यांच्या परवान्याची किंमत जड वाटली. मग तिने काय केले? १९३८ मध्ये शेल, टेक्सास कंपनी, यूओपी, केलॉग, जर्मनीची आय. जी. फार्बेन अशा मंडळींना घेऊन एक संघ केला, हूड्री ह्यांच्या पेटंटाला वळसा घालणारी वाट शोधली, आणि मे १९४२ मध्ये बॅटन रूज येथे ती चालवून दाखविली. तीच आजची प्रवाही उत्प्रेरकी भंजनाची पद्धत. जगभरचे मोठे कारखाने तिच्यावर चालतात.

एकट्या माणसाच्या हाती नुसते पेटंट असेल तर बडे त्याला विकत घेतात किंवा वळसा घालतात. कच्चे तेल, बाजार आणि विद्या तिन्ही ज्याच्या हाती, त्याचे पेटंट मात्र दुभत्या म्हशीसारखे. तेलधंद्यात पेटंट एकट्याने कधी कोणाला श्रीमंत ठेवलेले नाही असे आमचे मत झाले आहे. हे मत घेऊन आता ट्रॉम्बेला येऊ, कारण १९५१ मध्ये भारत सरकारसमोर करारासाठी जे बसले ते हेच लोक होते. स्टँडर्ड-व्हॅक्युम ह्या कंपनीची अर्धी मालकी न्यू जर्सीच्या स्टँडर्डची आणि अर्धी सोकोनी-व्हॅक्युमची. म्हणजे हूड्रीला आधार देणारे आणि हूड्रीला वळसा घालणारे एकाच पाटीखाली. दुसरी कंपनी बर्मा-शेल.

तोवर ह्या कंपन्यांचे म्हणणे असे की भारतात शुद्धीकरण परवडत नाही. तयार माल इराणच्या अबादानहून आणावा. १९५१ मध्ये इराणने आपले तेल राष्ट्राच्या मालकीचे केले, अबादान बंद पडले, आणि न परवडणारी गोष्ट एकाएकी परवडू लागली. नोव्हेंबर १९५१ मध्ये स्टँडर्ड-व्हॅक्युमशी आणि डिसेंबरात बर्मा-शेलशी करार झाले. पहिला कारखाना १९५४ मध्ये चालू झाला, दुसरा १९५५ मध्ये. पंचवीस वर्षे कारखाना ताब्यात घेणार नाही असे वचन सरकारने दिले. कच्चे तेल कंपन्यांनी आपल्याच मर्जीच्या ठिकाणाहून आणावे अशी मुभा दिली. आणि तयार मालाचा भाव? तो माहूलला तयार झालेला असला तरी परदेशाहून बोटीने आल्यासारखा धरायचा.

ह्याचा अर्थ नीट पाहा. कच्चे तेल विकणारी कंपनी तीच, विकत घेणारी तीच, शुद्धीकरणाची विद्या देणारी तीच आणि घेणारीही तीच. सदऱ्याच्या एका खिशातून दुसऱ्यात पैसा गेला तर सदरा गरीब होत नाही. पण एक खिसा मुंबईला आणि दुसरा न्यूयॉर्क-लंडनला असला म्हणजे पैसा कोणत्या खिशात दिसतो ह्याला फार महत्त्व येते. मुंबईच्या खिशात दिसला तर त्यावर भारताचा आयकर बसतो आणि त्यातून बोनसची मागणी उभी राहते.

ट्रॉम्बेचे कामगार हे पुरते ओळखून होते. बोनसचा हिशेब तेव्हा १९५० च्या अपील न्यायाधिकरणाच्या सूत्राने होई. १९५९ मध्ये असोसिएटेड सिमेंटच्या खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांच्या निकालाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. ठोक नफ्यातून घसारा काढा, आयकर काढा, भांडवलावर शेकडा सहा काढा, यंत्रांच्या पुनर्वसनाची रक्कम काढा, मग उरेल त्यात कामगाराचा वाटा. परंतु तांत्रिक साहाय्याचे शुल्क, मुख्य कचेरीचा खर्च, पेटंटाचे भाडे ह्या रकमा त्या यादीत कधी दिसत नाहीत, कारण त्या ठोक नफा काढण्याच्या आधीच, खर्चाच्या बाजूला, गेलेल्या असतात. समजा एका कारखान्याने शंभर रुपये मिळविले आणि त्यांतले दहा विद्येचे भाडे म्हणून वजा झाले, तर कामगार भांडतो ते नव्वदांवर. त्या दहांवर भांडायला त्याला कोणी बोलावीत नाही. आम्ही स्वतः एका कारखान्यात, तेलाच्या नव्हे, हे शुल्क कशाबद्दल असे विचारले तेव्हा समोरच्या साहेबांनी फाइल मिटली आणि चहा मागविला. चहा चांगला होता.

ट्रॉम्बेच्या कामगारांनी आणखी एक मोठे काम केले, आणि ते कोठे सांगितले जात नाही म्हणून येथे सांगतो. कारखान्याच्या सफाईचे काम कंपनीने कंत्राटदाराकडे दिले होते. कंपनीच्या ६७ कायम कामगारांनी, म्हणजे ज्यांच्या स्वतःच्या पगाराला धक्का नव्हता त्यांनी, कंत्राटी कामगारांसाठी वाद उभा केला. काम कायमचे आहे, तर माणूस कायम का नाही? १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा झाला त्यामागे स्टँडर्ड-व्हॅक्युमचा हा निकाल आहे. जगातली अद्ययावत विद्या वापरणारा कारखाना टाक्या झाडायला माणूस मात्र कंत्राटावर ठेवी.

ह्याच सुमारास कंपन्यांची तिहेरी पकड उघडी पडली. १९६० मध्ये सोव्हिएट रशियाने स्वस्त कच्चे तेल देऊ केले. तेलमंत्री केशवदेव मालवीय ह्यांनी कंपन्यांना ते शुद्ध करून देण्यास सांगितले. कंपन्यांनी नकार दिला. विद्या आमची, कारखाना आमचा, तेल दुसऱ्याचे चालणार नाही. कच्च्या तेलाच्या भावात मात्र त्यांना सूट द्यावी लागली. दामले समितीने १९६१ मध्ये भावांचा छडा लावला. दुसरीकडे न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार ह्यांनी १९५९ मध्येच पेटंटांवरचा अहवाल दिला होता: भारतात नोंदलेली दहांतील आठ-नऊ पेटंटे परकीयांची, आणि त्यांतली बहुतेक येथे वापरातच आणलेली नाहीत. पिकवायचे नाही आणि दुसऱ्याला पिकवू द्यायचे नाही, असे शेत गावाने किती दिवस सोसावे? १९७० चा पेटंट कायदा त्यातून आला आणि एप्रिल १९७२ पासून अमलात आला. अन्न, औषधे आणि रासायनिक क्रियेने होणारे पदार्थ ह्यांच्या बाबतीत पदार्थावर पेटंट नाही, करण्याच्या रीतीवरच मिळेल, असा त्याचा गाभा. तुम्ही दुसरी रीत शोधा आणि तोच पदार्थ करा. २००५ पर्यंत हे चालले.

त्यानंतर मालकी पालटली. एस्सो, म्हणजे जुनी स्टँडर्ड-व्हॅक्युम, १९७४ मध्ये सरकारकडे येऊन हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. बर्मा-शेल १९७६ मध्ये आली, ती भारत पेट्रोलियम. पाट्या उतरल्या, पंपांचे रंग बदलले. भट्ट्या मात्र थंड झाल्या नाहीत. पेटंट तर पुस्तकात छापलेलेच असते, मुदत संपली की कोणीही वापरावे. बर्टन ह्यांचे १९३० मध्येच संपले होते. कंपन्यांची खरी ठेव म्हणजे न छापलेले ज्ञान: कोणत्या आचेला कोणती झडप किती उघडायची, उत्प्रेरक थकला हे कशावरून ओळखायचे. आणि ते वीस वर्षांत ट्रॉम्बेच्या इंजिनियरांच्या, फोरमनांच्या, पाळीवरच्या ऑपरेटरांच्या अंगी मुरले होते. ते कोणत्याही करारान्वये परत न्यूयॉर्कला पाठविता येण्यासारखे नव्हते.

पण राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे विद्या आपली झाली असे समजणाऱ्यांत आम्ही नाही. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मार्च २००२ पर्यंत भाव सरकारने ठरविण्याची पद्धत होती. शुद्धीकरण कारखान्याला खर्च भरून मिळे आणि वर निव्वळ मालमत्तेवर करानंतर शेकडा बारा परतावा. नफा ठरलेला! परदेशी परवान्याचे भाडे खर्चात धरले जाई, म्हणजे ते वाचविण्याची घाई हिशेबाच्या खात्याला नसे. स्वतःची रीत शोधली तरी बारा, उसनी आणली तरी बारा. कामगारांच्या आणि गिऱ्हाइकांच्या दृष्टीने ह्या पद्धतीत पुष्कळ चांगले होते, पण विद्येच्या बाबतीत तिने आळस पोसला हे आमच्या चळवळीतल्या मित्रांना रुचत नसले तरी खरे आहे.

आळस सर्वांनी केला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी ह्यांच्या गटाने झिओलाइट नावाच्या सच्छिद्र खनिजांवर काम केले. ह्या जातीच्या एका उत्प्रेरकावर १९७२ मध्ये मोबिलने अमेरिकेत पेटंट घेतले होते. मोबिल म्हणजे आपली जुनी सोकोनी-व्हॅक्युमच, ट्रॉम्बेच्या अर्ध्या पाटीची धनीण. पुण्याने एन्सिलाइट नावाचा आपला उत्प्रेरक केला, आणि १९८० च्या दशकात बडोद्याच्या इंडियन पेट्रोकेमिकल्समध्ये झायलीन तयार करण्यासाठी तो चालवून दाखविला. त्या कामी भागीदार होती असोसिएटेड सिमेंट, बोनसच्या निकालातलीच ती. पुढे इंडियन ऑइलच्या फरीदाबादच्या संशोधन केंद्राने जड तेलापासून स्वयंपाकाचा गॅस अधिक मिळविण्याची इंडमॅक्स ही स्वतःची भंजनपद्धत काढली. २००३ मध्ये ती गुवाहाटीला चालू झाली, नंतर पारादीपला मोठ्या प्रमाणावर. आता त्या निगमाकडे हजारावर पेटंटे आहेत. तरीही आपल्या कारखान्यांत यूओपीच्या परवान्यावर चालणारे विभाग आहेतच; मांस-व्यापाऱ्याच्या पैशावर उभी राहिलेली ती कंपनी अनेक हातांतून जाऊन आज हनीवेलच्या घरात आहे आणि अजून विद्याच विकते.

आपल्या गावातून जे तरुण मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत जातात आणि युनियनच्या कमिटीवर बसतात त्यांच्यासाठी कामाची एक गोष्ट. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४ प्रमाणे संचालकांच्या वार्षिक अहवालाला एक पुरवणी जोडावी लागते. मागल्या तीन वर्षांत परदेशातून कोणती विद्या आणली, ती पूर्णपणे आत्मसात झाली की नाही, नसल्यास का नाही, संशोधनावर किती खर्च केला, आणि परकीय चलन किती गेले, हे सारे तीत लिहावे लागते. ही पुरवणी अहवालाच्या मागल्या पानांत, बारीक अक्षरांत असते. बोनसच्या बोलण्याला बसण्यापूर्वी ती काढावी, मागील पाच वर्षांच्या पुरवण्या शेजारी ठेवाव्या, आणि तीच विद्या वर्षानुवर्षे आत्मसात होतेच आहे असे लिहिलेले सापडले तर त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढून साहेबांपुढे ठेवावी.